"मॅडम, विषय द्या": राज्यशास्त्रात पीएच.डी.चा अर्ज भरण्याआधी

गेल्या आठवड्यात सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला एक मुलगा विट्याला घरी आला. एम.ए. राज्यशास्त्र, ५८ टक्के, हातात फाईल, फाईलमध्ये सगळे दाखले ओळीनं लावलेले. विषय काय घेणार म्हणून विचारलं तर म्हणाला, "मॅडम, तुम्हीच द्या की एखादा." मी त्याला घरचं विचारत बसले. थोरला भाऊ तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानात, चुलते केरळात. गावात घरं मोठी आणि माणसं थोडी, पण जत्रेला आणि ग्रामपंचायतीच्या मतदानाला गाड्या भरून येतात. मग सरपंच कोण होणार हे गावात ठरतं की तिकडं दुकानांत? एवढंच विचारलं आणि पोरगा तासभर बोलत राहिला. विषय त्याच्या घरात होता, फाईलमध्ये नव्हता.

मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते, नोकरी करतच पीएच.डी. केली. माझ्याकडं येणारी बहुतेक मुलं फॉर्मपासून सुरुवात करतात. तसं करू नका. फॉर्म अर्ध्या तासात भरून होतो, प्रश्न सापडायला सहा महिने लागतात.

माझा पहिला अर्ज याच चुकीनं गेला. विषय लिहिला होता, "महाराष्ट्रातील पंचायत राज : एक अभ्यास". मुलाखतीत समितीतल्या एका सरांनी शांतपणे विचारलं, "यातून तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?" मी बलवंतराय मेहता समिती सांगितली, १९६१चा जिल्हा परिषद कायदा सांगितला, २४ एप्रिल १९९३ला लागू झालेली ७३वी घटनादुरुस्ती सांगितली. सगळं बरोबर होतं आणि सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं. यादीत नाव आलं नाही. पूर्ण वर्ष गेलं.

त्या वर्षात मला खरा प्रश्न मिळाला, तो एका ग्रामपंचायतीच्या कपाटात. आपल्या कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते. ग्रामसेवकांनी ते रजिस्टर काढून दिलं. एका पानावर एकवीस नावं, समोर काही सह्या, काही अंगठे. सह्या नीट बघितल्या तर 'पाटील'मधला 'ट' सगळीकडं एकाच वळणाचा, शाई एकच, आणि अंगठेही एका रेषेत, पट्टी लावून उमटवल्यासारखे. त्यातल्या एका अक्कांच्या घरी गेले. त्या शेळीला पाला घालत होत्या. म्हणाल्या, "सभा? कवा झाली वो बाई?" महाराष्ट्रातल्या पंचायतींत महिलांना निम्म्या जागा २०११पासून आहेत. खुर्चीवर बाई आली, पण सभेत बाई आली का? हा माझा प्रश्न झाला. एक तालुका, दहा गावं, पाच वर्षांची रजिस्टरं. विषय एवढा लहान केल्यावरच पुढची मुलाखत पार पडली.

तेव्हा विषयाच्या नावातून 'एक अभ्यास' काढून टाका आणि तोच विषय प्रश्नचिन्ह टाकून लिहून बघा. प्रश्नचिन्ह टाकता येत नसेल तर विषय अजून पिकलेला नाही. आपल्या भागात नेत्यांच्या 'राजकीय कार्या'वरचे प्रबंध पुष्कळ झालेत. यशवंतराव, वसंतदादा, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्याबद्दलचा आदर माझ्याही मनात आहे, पण आदर म्हणजे संशोधनाचा प्रश्न नव्हे. कुंडल औंध संस्थानात होतं, इंग्रजांच्या थेट हद्दीबाहेर. १९४२च्या लढ्यातल्या भूमिगतांना त्या हद्दीचा किती उपयोग झाला? १९३९च्या औंधच्या राज्यघटनेनं गावपंचायतींना अधिकार दिले होते. त्या सवयीचा १९४२नंतर नाना पाटलांनी उभारलेल्या प्रतिसरकारच्या न्यायनिवाड्याशी काही धागा जुळतो का? इथून संशोधन सुरू होतं.

प्रश्न सापडला की त्यावर आधी कोणी काम केलंय का ते शोधगंगेवर बघा. देशभरातले प्रबंध तिथं फुकट वाचायला मिळतात, आपल्या विद्यापीठाचे मराठीतलेही. इंग्रजीत आणि मराठीत दोन्हीकडं शोधा. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, ती सांगते. १९४९ ते १९६० या काळातलं काही शोधत असाल तर 'सांगली' टाकून हाती फार काही लागणार नाही, कारण १९६०पर्यंत या जिल्ह्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं. त्याच्याही आधीचं हवं असेल तर सातारा जिल्हा, शिवाय सांगली, मिरज, जत, औंध या संस्थानांची दप्तरं. मी दोन महिने चुकीच्या नावानं शोधत होते.

आता गाईड, म्हणजे मार्गदर्शक. सातारा, सांगली, कोल्हापूर हे तिन्ही जिल्हे शिवाजी विद्यापीठाखाली येतात. विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आणि मान्यता असलेली संशोधन केंद्रं, दोन्हीकडचे गाईड बघा. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणं प्रोफेसरकडं एका वेळी आठ, असोसिएटकडं सहा आणि असिस्टंटकडं चार विद्यार्थी असू शकतात. त्यामुळं गाईड नावाजलेले आहेत का याच्याआधी त्यांच्याकडं जागा रिकामी आहे का ते बघा. सेवानिवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. हे न बघता माझी एक मैत्रीण एका सरांच्या भरवशावर सहा महिने थांबली. सर मनानं चांगले होते, पण नियमापुढं त्यांचाही इलाज नव्हता.

भेटायला जाताना पेढ्यांचा बॉक्स नेऊ नका. दोन पानं न्या. पहिल्यावर तुमचा प्रश्न, तो का पडला, त्यावर कोणी काय लिहिलंय. दुसऱ्यावर कुठं जाणार, कुणाला भेटणार, कोणते कागद बघणार. त्यांचे दोन लेख आधी वाचून जा. गाईडांनी प्रश्नावर आडवंतिडवं विचारलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते तुम्हाला गांभीर्यानं घेतायत. फक्त "फॉर्म भरा, विषयाचं नंतर बघू" म्हणणाऱ्यांकडं मी जाणार नाही.

पात्रता थोडक्यात. एम.ए.ला ५५ टक्के, आणि एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग, ईडब्ल्यूएस यांना ५ टक्के सवलत. चार वर्षांची पदवी असेल तर ७५ टक्के. विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेत, म्हणजे पेटमध्ये, अर्धे प्रश्न संशोधन पद्धतीचे आणि अर्धे विषयाचे. ५० टक्के पडले की मुलाखत, तिथंही राखीव गटांना सवलत आहे. आपली मुलं विषयाची तयारी करतात आणि संशोधन पद्धतीकडं दुर्लक्ष करतात. नमुना निवड, गृहीतक, चल (व्हेरिएबल), संदर्भ कसे द्यायचे, हे घोकून नाही, आपल्याच प्रश्नावर लावून शिका. माझी दहा गावं मी कशी निवडली हे सांगता आलं तेव्हा मला नमुना निवड कळली.

नेट, म्हणजे यूजीसीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, द्याच. जून २०२४पासून नेटच्या निकालात जेआरएफ (संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापक आणि फक्त पीएच.डी. प्रवेश असे तीन गट असतात. जेआरएफ नसेल तर नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि प्रवेशासाठी तो गुण एकच वर्ष चालतो. म्हणजे निकाल लागला की लगेच गाईड शोधा. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एकही प्रश्न रिकामा सोडू नका.

कागदांमध्ये माणसं एनओसीवर आणि जातपडताळणीवर अडकतात. नोकरीत असाल तर अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण संस्थेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, लागते. नुसतं 'हरकत नाही' पुरत नाही. संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी, म्हणजे पीएच.डी.च्या सुरुवातीच्या तासांसाठी, सोडू, असं त्यात स्पष्ट हवं. माझं पहिलं पत्र एका ओळीचं होतं, ते परत आलं. दुसरं मिळवायला मुख्याध्यापकांच्या दारात तीन चकरा झाल्या, आणि शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशी होती. जाहिरातीची वाट न बघता हे पत्र आधीच घेऊन ठेवा.

पैशाचं घरी आधी बोला. पूर्णवेळ करणाऱ्यांसाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्ती आहेत, प्रत्येकीचा गट वेगळा. त्यांची जाहिरात वेगळी निघते आणि प्रवेश झाल्याचा कागद मागतात, म्हणून प्रवेशाचं पत्र मिळालं की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.

शेवटी मुलींसाठी. स्थळं बघायला लागले म्हणून फॉर्म न भरलेल्या माझ्या चार विद्यार्थिनी आहेत, आणि त्यातल्या दोघी माझ्यापेक्षा हुशार होत्या. मुदत सगळ्यांना सहा वर्षं, बाईला आणखी दोन वर्षं मिळू शकतात. बाळंतपणाची आणि बालसंगोपनाची २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. लग्न होऊन दुसऱ्या गावी जावं लागलं तर आतापर्यंतचं काम घेऊन तिकडच्या विद्यापीठात जाता येतं, अटी पाळून. २०१६च्या नियमांतही हे होतं, २०२२च्याही आहे. ते पान छापून घ्या आणि घरी वाचून दाखवा. मी माझ्या सासऱ्यांना वाचून दाखवलं होतं. त्यांनी चष्मा लावून ते पुन्हा स्वतः वाचलं, आणि मुलाखतीच्या दिवशी पहाटे मला कोल्हापूरच्या एसटीत बसवायला स्टँडवर तेच आले.