रोमला उन्हाळ्यात जाताय? रिकामी बाटली आणि एक ओढणी सोबत ठेवा

जुलै-ऑगस्टमध्ये दोघं मिळून रोमला जाणार असाल तर रस्त्यावर पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, घरूनच एक रिकामी बाटली न्या. शहरात साधारण २,५०० सार्वजनिक नळ आहेत, १८७४ पासूनचे, लोखंडी, तोटी वाकडी म्हणून लोक त्यांना नासोनी म्हणतात म्हणजे मोठी नाकं, आणि पाणी गार, पिण्याचं, फुकट. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजासारखी धार येते, वाकायची पण गरज नाही, आम्हाला तर हे इतकं आवडलं की दिसेल त्या नळावर थांबायचो!

कलोसियम आणि फोरम म्हणजे जुन्या रोमचे अवशेष सकाळी लवकरच उरका, तिथे सावली फार कमी. दुपारी चर्चमध्ये शिरा, आत मस्त थंड असतं, पण सेंट पीटर्स या मोठ्या चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले लागतात, तिथे ओढणी कामी येते. आणि दमलात तरी स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसू नका, २०१९ पासून दंड आहे.