मॅस्टोडॉनची ब्लॉकलिस्ट स्क्रिप्टवर सोडताय? या चुका टाळा

सकाळी आठला सदाशिव पेठेतल्या एका काकांचा फोन. "अरे, माझी ती नाटकवाली मंडळी गेली कुठं? काल रात्री तर होती!"

मॅस्टोडॉन म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सर्व्हरांवर चालणारं समाजमाध्यम. आमचा सर्व्हर म्हणजे पुण्यातल्या साठेक ओळखीच्या लोकांचा कट्टा. कोथरूडमधून, फावल्या वेळात मीच सांभाळतो. लॉग उघडला आणि कळलं. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारी सोय) मी २ वाजताची वेळ लिहिली होती, पण सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो, म्हणजे आपले सकाळचे साडेसात. मी चहा टाकत होतो तेव्हा स्क्रिप्टनं ब्लॉक करायच्या सर्व्हरांची बाहेरची यादी, म्हणजे ब्लॉकलिस्ट, उतरवून घेतली होती. नाटकवाल्यांचा सर्व्हर तिच्यात 'सस्पेंड' (संपर्क पूर्ण बंद) म्हणून होता आणि स्क्रिप्टनं तो तसाच लावला.

यादीतलं 'सस्पेंड' जसंच्या तसं लावणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. सस्पेंड केलं की दोन्हीकडचे फॉलो तुटतात, आणि नंतर ब्लॉक काढला तरी ते आपोआप जुळत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ४.३ आवृत्तीपासून सदस्याला निदान तशी सूचना जाते आणि तुटलेल्या फॉलोंची यादी उतरवता येते. आम्ही तेव्हा जुन्या आवृत्तीवर होतो, म्हणून काकांना फोन करावा लागला.

आता आमची स्क्रिप्ट फक्त 'लिमिट' लावते (एपीआयमध्ये, म्हणजे स्क्रिप्ट सर्व्हरशी बोलते त्या वाटेवर, याचं नाव 'सायलेन्स'). त्या सर्व्हरच्या पोस्ट सार्वजनिक टाइमलाइनवरून जातात, पण जो फॉलो करतो त्याला दिसत राहतात. सस्पेंड करायचं की नाही हे माणूस ठरवणार.

आणखी एक गोष्ट मला उशिरा उमगली. ४.१ पासून ब्लॉकलिस्टची सीएसव्ही (साध्या तक्त्याची) फाइल हातानं आयात करता येते, आणि आपल्या लोकांचे फॉलो असलेल्या डोमेनपुढे (सर्व्हरच्या पत्त्यापुढे) तो स्क्रीन इशारा दाखवतो. एपीआय काही बोलत नाही, मुकाट्यानं ब्लॉक करून टाकतो. म्हणून आधी अ‍ॅडमिन एपीआयच्या 'मेझर्स'मधून त्या डोमेनशी असलेल्या फॉलो आणि फॉलोअर्सचे आकडे मागवा. शून्य नसेल तर ती ओळ बाजूला ठेवा.

तीन याद्या म्हणजे तीन मतं, असं समजणं

अनेक ब्लॉकलिस्ट एकत्र करणाऱ्या फेडीब्लॉकहोलसारख्या साधनात 'इतक्या याद्यांत नाव असेल तरच घ्या' अशी मर्यादा घालता येते. कल्पना छान आहे, पण त्या तिन्ही याद्या चौथ्याच एकीवरून उतरवलेल्या असल्या तर? सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच अफवा तिघांनी फॉरवर्ड केली तरी ती एकच अफवा असते. कारण लिहिलेलं नसेल अशी ओळ मी घेत नाही.

दुसऱ्या सर्व्हरची जाहीर यादी ओढणार असाल तर तारांकनं बघा. काही ॲडमिन नाव अर्धवट झाकतात, आणि स्क्रिप्ट ते झाकलेलं नावच डोमेन समजून पाठवते. शिवाय मूळ डोमेन ब्लॉक केलं की त्याचे सगळे सबडोमेनही (त्याच्याखालचे पत्ते) जातात. फुकट सबडोमेन वाटणाऱ्या सेवेचं नाव यादीत आलं तर एका गुंडापायी अख्खी चाळ बाहेर.

'यादीत नाही म्हणजे ब्लॉक काढा'

हे करूच नका. यादी देणारा सर्व्हर कोलमडला आणि त्यानं २०० कोडसह ('सगळं ठीक' असं सांगणारा) एखादं रिकामं पान दिलं, तर तुमची स्क्रिप्ट सगळे ब्लॉक काढून बसेल. उतरवलेल्या यादीत कालच्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त ओळी कमी दिसल्या, तर आमची स्क्रिप्ट थांबते आणि मला मेल करते.

स्क्रिप्ट अडली तर

सर्व्हरकडून ४०३ (परवानगी नाही) हा कोड आला तर टोकनचे (स्क्रिप्टच्या प्रवेश-किल्लीचे) स्कोप, म्हणजे तिला दिलेले अधिकार, पाहा, आणि टोकन ज्या खात्याचं आहे त्याच्या भूमिकेला फेडरेशन (इतर सर्व्हरांशी असलेले संबंध) सांभाळायची परवानगी आहे का तेही. ४२२ म्हणजे बहुतेकदा ते डोमेन आधीच ब्लॉक आहे. घाबरू नका, पुढे जा. ४२९ म्हणजे घाई झाली: खात्यामागे पाच मिनिटांत ३०० विनंत्या ही नेहमीची मर्यादा.

अपवादांच्या (कधीच ब्लॉक न करायच्या सर्व्हरांच्या) यादीत '.भारत'चं नाव देवनागरीत लिहून काम भागत नाही. मॅस्टोडॉन डोमेन प्युनिकोडमध्ये (इंग्रजी अक्षरांतल्या रूपात) साठवतो, त्यामुळे तुलना फसते आणि जपायचा सर्व्हरच ब्लॉक होतो. तुलनेआधी दोन्ही बाजू प्युनिकोडमध्ये आणा.

काकांनी त्या सर्व्हरवरच्या अकरा जणांना एकेक करून पुन्हा फॉलो केलं. त्यातल्या दोघांनी काकांना अजून परत फॉलो केलेलं नाही, आणि दर रविवारी मला त्याची आठवण करून दिली जाते.