पायात रुतलेल्या वस्तूचे कोडिंग: नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

मेडिकल कोडिंगच्या, म्हणजे रुग्णाच्या नोंदीतील निदान आणि उपचार ठरलेल्या कोडमध्ये मांडण्याच्या कामावर रुजू झाल्यानंतर दुसऱ्याच महिन्यात एका अमेरिकन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातील एक छोटी नोंद माझ्यापुढे आली. उजव्या तळपायात खिळा गेला, तुटून आत राहिलेला तुकडा काढला, जखम धुतली, टिटॅनसची लस दिली, एवढाच मजकूर तीत होता. सोबतच्या एक्स-रे अहवालात धातूचा तुकडा ‘खोलवर’ असल्याचे म्हटले होते. तो शब्द वाचून मी २८१९२ हा खोलवरची वस्तू काढण्याचा सीपीटी (उपचार-प्रक्रियांच्या यादीतील) कोड लावला आणि ऑडिटमध्ये ती नोंद माझ्याकडे परत आली. चूक कळायला मला दोन दिवस लागले, आणि माझ्या मते हे काम शिकण्याची खरी सुरुवात तिथेच झाली.

आधी निदानाचे पाहू, कारण नवीन माणसाचा पहिला गोंधळ तिथे होतो. आयसीडी-१०-सीएम या निदानांच्या अमेरिकन कोड-यादीत पायातील बाह्य वस्तू, म्हणजे आपल्या कामाच्या भाषेत फॉरेन बॉडी, एका जागी सापडत नाही. त्वचेत वरवर रुतलेली सल किंवा कुसळ, जिथे उघडी जखम नाही, ती एस९०.८५ या गटात जाते. खिळ्यासारखी टोकदार वस्तू भोसकून आत राहिली असेल तर एस९१.३४ आणि कापलेल्या जखमेत काच अडकली असेल तर एस९१.३२ हा गट येतो. वस्तू तीच असली तरी जखमेचा प्रकार बदलला की कोड बदलतो. सहावे अक्षर बाजू सांगते: १ म्हणजे उजवा, २ म्हणजे डावा आणि ९ म्हणजे बाजू नमूद नाही. माझ्या नोंदीतील निदान त्यामुळे एस९१.३४१ए असे झाले आणि ते बरोबर होते. जखम पायाच्या बोटाला असेल तर हे गट चालत नाहीत. बोटांचे कोड वेगळे आहेत आणि भोसकल्याच्या जखमेत नखाला इजा झाली आहे की नाही, यावरून त्यांचेही पुन्हा दोन भाग पडतात. डॉक्टर नखाबद्दल लिहायला वारंवार विसरतात, असा माझा अनुभव आहे.

सातव्या अक्षराविषयी एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. ‘ए’ म्हणजे पहिली भेट आणि ‘डी’ म्हणजे दुसरी, असे अनेकजण पाठ करून येतात. प्रत्यक्षात सक्रिय उपचार चालू असेतोवर ‘ए’ लागतो आणि जखम भरत असतानाच्या नेहमीच्या देखभालीसाठी ‘डी’ लागतो. समजा, तातडीच्या विभागात काच पूर्ण निघाली नाही आणि दहा दिवसांनी रुग्ण पायाच्या तज्ज्ञाकडे जाऊन उरलेला तुकडा काढून घेतो, तर रुग्णाची ती दुसरी भेट असूनही कोड ‘ए’नेच संपतो. पुढे केवळ ड्रेसिंग बदलायला तो आला, की ‘डी’.

आता माझ्या चुकीकडे येते. पायातील वस्तू काढण्यासाठी सीपीटीमध्ये तीन कोड आहेत: त्वचेखालच्या थरातून काढल्यास २८१९०, खोलवरून काढल्यास २८१९२ आणि गुंतागुंतीची शस्त्रक्रिया असल्यास २८१९३. एक्स-रे अहवाल वस्तू कुठे दिसली ते सांगतो, पण ती काढताना डॉक्टर कोणत्या थरापर्यंत गेले, हे फक्त प्रक्रियेच्या नोंदीतून कळते. त्या नोंदीत फॅसिया (स्नायूंवरचे आवरण), स्नायू किंवा टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोर) यांचा उल्लेख नव्हता आणि छेद घेतल्याचेही लिहिलेले नव्हते. छेद न घेता चिमट्याने ओढून काढलेली वस्तू सहसा तपासणीच्या भेटीतच धरली जाते, म्हणजे तेव्हा काढण्याचा स्वतंत्र कोडही लागत नाही. स्वतंत्र कोड नाही, २८१९० किंवा २८१९२ अशा तिन्ही शक्यता खुल्या असताना सर्वांत मोठी शक्यता मी कागदाबाहेरून आणून बसवली होती.

मग डॉक्टरांना विचारण्यासाठी मी प्रश्न लिहिला: ‘तुकडा फॅसियाच्या खालून काढला ना?’ माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी तो पाठवू दिला नाही. उत्तर सुचवणारा प्रश्न विचारणे हे या व्यवसायात गंभीर मानले जाते, कारण त्यावर मिळालेला होकार पुरावा म्हणून टिकत नाही. त्यांनी माझ्याकडून तो पुन्हा लिहून घेतला: ‘वस्तू कोणत्या थरातून काढली आणि त्यासाठी छेद घेतला होता का, हे कृपया प्रक्रियेच्या नोंदीत स्पष्ट करावे.’ उत्तर आले की छेद घेऊन त्वचेखालील मेदातून तुकडा काढला होता. कोड २८१९० ठरला आणि उजव्या बाजूसाठी आरटी हा मॉडिफायर, म्हणजे कोडला जोडायची जादा खूण, जोडला गेला. (बोटांसाठी मॉडिफायरही निराळे: डाव्या अंगठ्याला टीए, उजव्या अंगठ्याला टी५.)

वस्तू आत राहून जाते, त्या नोंदींकडे विशेष लक्ष द्यावे. जखम भरून गेल्यावर मऊ ऊतीत राहिलेल्या तुकड्यासाठी एम७९.५ आहे आणि तो कशाचा आहे हे सांगण्यासाठी झेड१८ गटातील जोड कोड आहेत, काचेसाठी झेड१८.८१, लाकडासाठी झेड१८.३३. लाकूड साध्या एक्स-रेमध्ये बहुधा दिसत नाही. म्हणून ‘एक्स-रेमध्ये काही आढळले नाही’ एवढ्या वाक्यावरून फॉरेन बॉडीचे निदान गाळू नये. डॉक्टरांनी सल काढल्याचे लिहिले असेल, तर तेच प्रमाण.

मधुमेही रुग्णांच्या नोंदी मी आजही दोनदा वाचते. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला वस्तू रुतल्याचे कित्येक दिवस कळत नाही आणि तो संसर्ग घेऊनच येतो. प्रकार २ चा मधुमेह आणि न्यूरोपॅथी (मज्जातंतूंचा विकार) असे दोन्ही लिहिलेले असतील आणि त्यांचा संबंध नाही असे डॉक्टरांनी म्हटलेले नसेल, तर नियमानुसार तो संबंध गृहीत धरला जातो आणि ई११.४० लागतो. जखमेतील संसर्गाचा कोडही सोबत द्यावा लागतो, आणि तो नेमका नजरेतून सुटतो.

इजेच्या कारणाचा कोड कधीही पहिल्या क्रमांकावर येत नाही. त्यात मधल्या रिकाम्या जागा ‘एक्स’ने भराव्या लागतात: खिळ्यासाठी डब्ल्यू४५.०एक्सएक्सए, धारदार काचेसाठी डब्ल्यू२५.एक्सएक्सएक्सए. एक जरी ‘एक्स’ कमी पडला तरी सातवे अक्षर आपल्या जागी येत नाही आणि कोड अवैध ठरतो.

सीपीसी या कोडरच्या प्रमाणपत्र परीक्षेत १०० प्रश्नांसाठी ४ तास मिळतात आणि कोडची पुस्तके सोबत नेता येतात. सरावाच्या वेळी मी एस९१च्या पानाच्या कडेला पेन्सिलीने ‘बोट? नख? बाजू? संसर्ग?’ असे चार शब्द लिहून ठेवले होते. आयसीडीचे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटीचे १ जानेवारीला बदलतात. नवे पुस्तक हाती आले की मी प्रथम तेच पान उघडते, बदल तपासते आणि ते चार शब्द पुन्हा लिहिते.