तालुक्याची लोकसंख्या राज्याशी ताडून कशी पाहावी

‘गाव ओस पडतंय’ हे वाक्य महाराष्ट्रात सगळीकडे ऐकू येतं, पण त्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. कुठे माणसं खरोखर कमी झालेली असतात. कुठे वाढत असतात, पण राज्यापेक्षा हळू. आणि कुठे गावच ग्रामीण यादीतून निघून शहरी यादीत गेलेलं असतं. शाळा टिकवायची की दवाखाना वाढवायचा, हे या तिन्हींपैकी काय घडलंय त्यावर ठरतं. म्हणून आकडे मांडण्याची पद्धत नीट समजून घेणं गरजेचं आहे.

आधार जनगणनेचाच घ्या. २०११ नंतरची जनगणना २०२१ मध्ये झाली नाही आणि पुढच्या मोजणीचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ जाहीर झालेला आहे. त्यामुळे गावपातळीवरची पक्की मालिका सध्या २०११ ला थांबते. मधल्या वर्षांसाठी मतदारयादी वापरायचा मोह टाळा. मुंबई-पुण्यात राहणाऱ्या अनेकांची नावं गावच्या यादीत असतात. जन्मनोंदीही फसव्या असतात, कारण जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो. बाळंतपणं तालुक्याच्या रुग्णालयात होत असतील, तर गावाच्या नोंदवहीत जन्म कमी दिसणारच. त्या मानाने अंगणवाडी सेविकेचा कुटुंब सर्व्हे आणि शाळेची पटसंख्या बरी, पण त्यांचा उपयोग दिशा कळण्यापुरता.

जनगणनेच्या संकेतस्थळावरून तीन गोष्टी उतरवून घ्या: १९०१ पासूनची जिल्हावार दशकी वाढ देणारा ए-२ तक्ता, तालुकावार ग्रामीण-शहरी विभागणी देणारा ए-१ तक्ता आणि जिल्हा जनगणना पुस्तिकेचा गाववार आकड्यांचा ‘ब’ भाग. शेवटच्या दोन गोष्टी निदान २००१ आणि २०११ च्या हव्यात. १९९१ चं मिळालं तर फारच उत्तम, कारण दोन बिंदूंवरून कल ठरत नाही.

हद्द आधी, आकडे नंतर

सगळ्यात जास्त चुका हद्दीत होतात, म्हणून निम्मा वेळ इथेच द्या. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, गडचिरोली १९८२ मध्ये चंद्रपुरातून, वाशिम आणि नंदुरबार १९९८ मध्ये अनुक्रमे अकोला आणि धुळ्यातून, हिंगोली आणि गोंदिया १९९९ मध्ये परभणी आणि भंडाऱ्यातून, पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून. जुन्या अहवालातला ‘रत्नागिरी १९७१’ आणि आजचा रत्नागिरी जिल्हा हे एकच क्षेत्र नाही. ए-२ तक्त्यात मागचे आकडे त्या जनगणनेच्या वेळच्या हद्दीप्रमाणे जुळवलेले असतात, म्हणून जिल्ह्यासाठी तोच वापरा. पालघर मात्र २०११ च्या तक्त्यात नाहीच. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड या आठ तालुक्यांची बेरीज तुम्हालाच करावी लागते.

गावपातळीवर अडचण आणखी बारीक असते. जनगणनेचं गाव म्हणजे महसुली गाव. ग्रामपंचायत नव्हे, वाडीही नव्हे. गट ग्रामपंचायतीत दोन-तीन महसुली गावं असतात आणि कोकणात एका महसुली गावात अनेक वाड्या. २०११ मध्ये प्रत्येक गावाला सहा अंकी संकेतांक मिळाला. २००१ ची पद्धत वेगळी होती, त्यामुळे दोन वर्षांची गावं नावावरून जुळवावी लागतात. तिथे बुद्रुक-खुर्द आणि ‘तर्फे’ असलेली नावं हमखास गोंधळ घालतात. नाव जुळलं तरी गावाचं क्षेत्रफळ दोन्ही वर्षी जवळपास सारखं आहे ना, हे बघा. क्षेत्रफळात मोठा फरक म्हणजे गाव फुटलंय किंवा जोडलं गेलंय. धरणाखाली गेलेली गावं कधी शून्य लोकसंख्येसह यादीत तशीच राहतात आणि त्यांची माणसं पुनर्वसित गावात मोजलेली असतात.

ग्रामीण म्हणजे नेमकं काय

नगरपरिषद, नगरपंचायत, महापालिका किंवा कटक मंडळ असेल तर ती वस्ती शहरी. याशिवाय ग्रामपंचायत असलेलं गावही जनगणना शहर ठरू शकतं. त्यासाठी किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि पुरुष मुख्य कामकऱ्यांपैकी (वर्षात सहा महिने किंवा जास्त काम करणाऱ्यांपैकी) किमान ७५ टक्के बिगरशेती कामात, या तिन्ही अटी पूर्ण व्हाव्या लागतात. महाराष्ट्रात अशा जनगणना शहरांची संख्या २००१ ते २०११ मध्ये दुपटीहून अधिक झाली. त्या गावांतून कुणी उठून गेलं नाही, फक्त रकाना बदलला.

म्हणून तुलना करताना २००१ मध्ये ग्रामीण असलेल्या गावांची यादी कायम ठेवा आणि त्यातली काही २०११ मध्ये शहरी ठरली असली तरी बेरजेत घ्या. प्रकाशित ग्रामीण आकडा आणि ही बेरीज यांच्यातला फरक म्हणजे वर्गबदलाचा परिणाम. २०२७ च्या आकड्यांना हे जास्तच लागू होईल, कारण २०१४ नंतर अनेक तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या. त्या तालुक्यांची ग्रामीण लोकसंख्या एकदम घसरलेली दिसेल. ती बघून लगेच स्थलांतराचा निष्कर्ष काढू नका.

तुलनेचं गणित

राज्याची लोकसंख्या १९९१ मध्ये ७,८९,३७,१८७, २००१ मध्ये ९,६८,७८,६२७ आणि २०११ मध्ये ११,२३,७४,३३३ होती. रत्नागिरी जिल्ह्याची याच वर्षांत १५,४४,०५७, १६,९६,७७७ आणि १६,१५,०६९.

पहिली पायरी निर्देशांकाची. १९९१ ला १०० धरा आणि पुढचा प्रत्येक आकडा १९९१ च्या आकड्याने भागून १०० ने गुणा. राज्य १०० वरून १२२.७ आणि मग १४२.४ वर जातं, रत्नागिरी १०० वरून १०९.९ वर आणि मग खाली १०४.६ वर. दोन्ही रेषा एकाच आलेखावर काढल्या की घट २००१ नंतरची असली तरी मागे पडणं आधीच सुरू होतं, हे लगेच दिसतं.

दुसरी पायरी वाट्याची. जिल्ह्याची लोकसंख्या राज्याच्या लोकसंख्येने भागा. रत्नागिरीचा वाटा १.९६ टक्क्यांवरून १.७५ वर आणि मग १.४४ वर आला. माझ्या मते सगळ्यात प्रामाणिक माप हेच. निरपेक्ष आकडा वाढत असतानाही वाटा घटू शकतो, आणि लोकसंख्येवर बेतलेल्या निधीत किंवा मतदारसंघांच्या फेररचनेत वाट्यालाच किंमत असते.

तिसरी पायरी अपेक्षित आकड्याची. २००१ ते २०११ मध्ये राज्य १५.९९ टक्के वाढलं. त्याच वेगाने रत्नागिरी वाढला असता तर २०११ मध्ये सुमारे १९.६८ लाख लोक असते. प्रत्यक्षात १६.१५ लाख होते, म्हणजे तूट सुमारे साडेतीन लाखांची. ही पूर्ण तूट ‘निघून गेलेली माणसं’ म्हणून सांगू नका. तिच्यात कमी जन्मदर आहे, वयस्क लोकसंख्येमुळे जास्त असलेले मृत्यूही आहेत. शिवाय राज्याच्या वाढीत परराज्यांतून आलेले लोक मोजलेले आहेत.

ग्रामीण भागाची तुलना राज्याच्या एकूण वाढीशी आणि राज्याच्या ग्रामीण वाढीशीही करा. २००१-११ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग १०.४ टक्के वाढला, शहरी भाग २३.६ टक्के. तालुक्याची ग्रामीण वाढ ९ टक्के असेल, तर तो राज्यापेक्षा फार मागे, पण ग्रामीण महाराष्ट्राच्या जवळपास बरोबर आहे. त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्याही ७.६ टक्क्यांनी घटली. घट ही फक्त खेड्यांची गोष्ट नाही.

माणसं गेली की जन्मलीच कमी?

हे वेगळं करायला वयोगट लागतात, आणि ते सी-१४ तक्त्यात जिल्हापातळीवर मिळतात. २००१ मध्ये १०-१४ वयाची मुलं २०११ मध्ये २०-२४ ची झाली. या वयात मृत्यू फार कमी असतात. म्हणून २०११ च्या २०-२४ गटाला २००१ च्या १०-१४ गटाने भागा, राज्यासाठीही तेच करा. जिल्ह्याचं गुणोत्तर राज्यापेक्षा बरंच खाली असेल, तर तरुण बाहेर पडताहेत. पुरुष आणि स्त्रिया वेगवेगळ्या काढा. लग्नामुळे होणारं स्थलांतर स्त्रियांच्या गुणोत्तरात मिसळतं, तालुक्यासाठी तर फारच.

तालुका आणि गावासाठी ०-६ वयाचा रकाना कामाचा. राज्यातच या वयाची मुलं २००१ च्या सुमारे १.३७ कोटींवरून २०११ मध्ये १.३३ कोटींवर आली, एकूण लोकसंख्या १६ टक्के वाढत असताना. म्हणजे शाळेचा पट घटला याचं कारण दरवेळी स्थलांतर नसतं.

लिंगगुणोत्तर जपून वाचा. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. पुरुष मुंबईत आणि कुटुंब गावी, ही जुनी घडी त्यात दिसते. २००१ मध्ये रत्नागिरीत हाच आकडा १,१३६ होता. कमी झाला म्हणजे पुरुष परतले असं नाही. आता अख्खं कुटुंबच जात असेल तरी तो कमी होतो. कुटुंबसंख्या आणि सरासरी कुटुंबाचा आकार सोबत बघितल्याशिवाय निर्णय देऊ नका.

मोजणीचा महिनाही लक्षात ठेवा. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. तो ऊसतोडीचा हंगाम. पूर्ण मोजणीकाळ घराबाहेर असलेला माणूस जिथे सापडेल तिथे मोजतात. त्यामुळे बीडसारख्या जिल्ह्यातल्या काही गावांचा आकडा खरा राहता आकडा नसून फेब्रुवारीचा असतो. अशा गावात तुमच्या हिशेबाशेजारी पावसाळ्यातल्या अंगणवाडी सर्व्हेचा आकडा तारखेसह लिहून ठेवा.

गाव ३००-४०० वस्तीचं असेल, तर टक्केवारी काढूच नका. दहा कुटुंबं इकडची तिकडे झाली तरी दशकी वाढ उणे दहाच्या पलीकडे जाते. अशी गावं जवळच्या गावांबरोबर एकत्र करून, निदान पाच हजार लोकांचा गट झाल्यावरच राज्याशी ताडून पाहा.