घरबसल्या लिखाणाचं काम शोधताय? या चुका टाळा

‘ताई, लिखाणाचं काम मिळेल का कुठे?’ असा मेसेज आला की पुढचाही मला पाठ असतो: ‘एक मिळालंय, फक्त ९९९ रुपये रजिस्ट्रेशन भरायचंय.’ काम देणारा पैसे देतो, मागत नाही. रजिस्ट्रेशन म्हणू दे, ट्रेनिंग म्हणू दे, नाहीतर ‘परत मिळणारं डिपॉझिट’. यावर आणखी समजावत बसायचा धीर आता माझ्यात उरलेला नाही.

नमुना म्हणून फुकट काम करून देणं ही चूक मात्र मी स्वतः केली आहे, तीही पाच वर्षं अनुवाद करून झाल्यावर. एका ‘प्रकाशना’ची मेल आली. इंग्रजी पुस्तक, शब्दाला दीड रुपया, आधी चाचणी म्हणून आठ पानं. पीडीएफ उघडली तर पान ४१ ते ४८, आणि सुरुवात अर्ध्या वाक्यातून. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती, पण दीड रुपयाने डोळे दिपले होते. दोन रात्री जागून पानं पाठवली. उत्तर आलं, ‘आपली शैली आमच्या गरजेत बसत नाही.’ महिन्याभराने मैत्रिणीकडे चहाला गेले तर तिचंही तेच रडगाणं. तिची पानं कुठली? ४९ ते ५६. माझं शेवटचं वाक्य जिथे तुटलं होतं, तिथूनच तिचं सुरू होत होतं. अख्खं पुस्तक असं आठ-आठ पानांनी चकटफू उरकायचं होतं तर! एवढ्या जणांच्या शैली एकत्र शिवायला जो कोणी बसला असेल, त्याची मला आजही कीव येते.

आता मी छापून आलेले लेख पाठवते. चाचणीचा हट्टच असेल तर दोनशे शब्द, उतारा मी निवडणार. त्यापुढे दर लागू. ‘मग राहू द्या’ म्हणणारे भेटतात. राहू देते.

दुसरा प्रकार टायपिंगवाल्यांचा. मावसबहिणीच्या मुलीने गेल्या वर्षी असंच काम घेतलं. धूसर फोटोंतला मजकूर पाच दिवसांत टाइप करायचा, अचूकता ९० टक्के, सोबत मोबाइलवर सही केलेलं ‘ॲग्रीमेंट’. चुका मोजणारी वेबसाइट त्यांचीच, त्यामुळे निकाल आधीच ठरलेला. सहाव्या दिवशी ‘लीगल डिपार्टमेंट’चा फोन: करार मोडलात, ५,८०० भरा, नाहीतर पोलीस येतील. घाबरून तिने भरले, आणि दोन दिवसांनी ‘केस बंद करायची फी’ म्हणून पुन्हा मागणी आली. तेव्हा कुठे रात्री अकराला मला रडत फोन.

मी ती व्हॉट्सॲपवरची नोटीस मागवली. वर अशोकस्तंभ, खाली गोल शिक्का, त्यात ‘कोर्ट’चं स्पेलिंग चुकलेलं. कलम लावलं होतं भारतीय दंड संहितेचं ४२०. ती संहिता १ जुलै २०२४ पासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली, याची त्या ‘वकिला’ला वार्ताच नव्हती. मुळात मुदतीत टायपिंग झालं नाही हा फार तर दिवाणी वाद, त्यासाठी कोणी बेड्या घालत नाही. आम्ही स्क्रीनशॉट काढले, सायबर फसवणुकीच्या १९३० या सरकारी हेल्पलाइनला फोन लावला, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली आणि नंबर ब्लॉक केला. १९३० ला पैसे गेल्या गेल्या फोन करायचा असतो, म्हणजे ते पुढे सरकायच्या आत खात्यात गोठवता येतात. आमचे चार दिवस घाबरण्यातच गेले होते.

बाकीचं थोडक्यात. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, यूपीआय पिन तर नाहीच. ‘आधी टीडीएस भरा, मग पेमेंट सोडतो’ ही शुद्ध थाप. टीडीएस म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा आयकर; तो पैसे देणाऱ्याने तुमच्या पैशातून कापायचा असतो आणि तो तुमच्या पॅनवर जमा दिसतो. टेलिग्रामवर रिव्ह्यू लिहायचे दीडशे रुपये मिळाले म्हणून हुरळू नका, ते गळाला लावलेलं गांडूळ आहे. ‘कमिशन देतो, तुमचं खातं वापरू द्या’ म्हणणाऱ्याला खातं दिलंत तर पोलीस खरंच येतील.

पहिल्याच महिन्यात तीस हजार हवे असणाऱ्यांना माझं हे सगळं कंटाळवाणं वाटतं. मी नव्या माणसाकडून निम्मे पैसे आधी घेते, उरलेले मिळेपर्यंत शेवटचा भाग हातात ठेवते. भाचीने आता एका छोट्या मासिकाचं मुद्रितशोधन धरलंय. पैसे दोन महिने उशिरा येतात. परवा तिने विचारलं, ‘मावशी, हेही फसवतायत का गं?’ म्हटलं, नाही, हे फक्त मासिकवाले आहेत.