जर्मनीत राहायला जायचंय? आधी कारण ठरवा, मग परवाना

एजंटाकडे गेलं की तो सगळ्यात आधी फीचा आकडा सांगतो. त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: आपण कशासाठी जातोय? जर्मनीत निवास परवाना कारणाला बांधलेला असतो. शिक्षण, नोकरी, नोकरीचा शोध आणि कुटुंब या प्रत्येकासाठी कायद्यात वेगळं कलम आहे. टुरिस्ट म्हणून शेंगेन व्हिसावर (युरोपच्या अल्प मुदतीच्या व्हिसावर) जायचं आणि काम मिळालं की तिथेच परवाना करून घ्यायचा, हा बेत भारतीय पासपोर्टवर सहसा फसतो. परत येऊन इथूनच नॅशनल व्हिसा, म्हणजे दीर्घ मुक्कामाचा व्हिसा काढावा लागतो.

पायरी १: आपला रस्ता ओळखा

नोकरीचं पत्र हातात असेल तर ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना, सगळ्यात फायद्याचं. २०२५ साली त्यासाठी वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता. टंचाई असलेल्या क्षेत्रांत आणि पदवी मिळून तीन वर्षं न झालेल्यांना ४३,७५९.८० युरो पुरत होते. ही मर्यादा दरवर्षी बदलते, म्हणून ऑफरवर सही करण्याआधी चालू वर्षाचा आकडा बघा. पदवी मात्र तिथे मान्य हवी. 'अनाबिन' या सरकारी यादीत आपलं विद्यापीठ आणि अभ्यासक्रम दोन्ही शोधा. विद्यापीठापुढे 'एच प्लस', म्हणजे मान्यतेची खूण, दिसलं की अर्धं काम झालं. आयटीवाल्यांना पदवी नसली तरी गेल्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव चालतो. ब्लू कार्डवर २७ महिन्यांत कायमचा परवाना मागता येतो, बी-वन (मधल्या पातळीचं) जर्मन येत असेल तर २१ महिन्यांतच.

शिकायला जाणाऱ्यांनी आधी एपीएस प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचा दाखला) काढावं, ते हातात आल्याशिवाय व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. त्याशिवाय ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात आणि त्यातले महिन्याला ९९२ च हातात येतात. पदवी झाली की नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

तिसरा रस्ता जून २०२४ पासून सुरू झालेल्या 'चान्सनकार्ट'चा, म्हणजे नोकरी शोधण्यासाठी एक वर्ष. पदवी जर्मनीत पूर्ण मान्य असेल तर गुण मोजावेच लागत नाहीत. नसेल तर वय, अनुभव, भाषा अशा गोष्टींचे मिळून किमान सहा गुण लागतात, शिवाय ए-वन (अगदी प्राथमिक) जर्मन किंवा बी-टू (बऱ्यापैकी सफाईदार) इंग्रजी. समजा, तीन वर्षांचा सरकारमान्य डिप्लोमा केलेला २९ वर्षांचा मुलगा आहे. पस्तिशीच्या आत असल्याचे २, गेल्या सात वर्षांत आपल्याच क्षेत्रातल्या पाच वर्षांच्या अनुभवाचे ३ आणि ए-टू जर्मनचा १. झाले सहा. पण गुण जमले म्हणजे नोकरी जमली असं नाही. या कार्डावर आठवड्याला फक्त २० तास काम करता येतं आणि खर्चापोटी महिन्याला हजारभर युरो दाखवावे लागतात. इंग्रजीच्या भरवशावर हे कार्ड घेऊन जाणं म्हणजे वर्षभर साठवलेले पैसे जाळणं, असं माझं स्पष्ट मत आहे. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवन ही जर्मन शिकवणारी संस्था आहे, तिथे बी-वनपर्यंत जर्मन करून मगच निघा.

पायरी २: कागद जमवा

कुटुंब सोबत न्यायचं असेल तर आधी हे बघा: ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेची अट नाही आणि तिथे कामाचीही मुभा मिळते. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मात्र सहसा ए-वनची परीक्षा द्यावी लागते. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर अपोस्टिल (परदेशात वापरण्यासाठीचा सरकारी शिक्का) करून घेतलं की झालं, असं समजू नका. भारतीय अपोस्टिल जर्मनी मानत नाही. जर्मन वकिलातीला शंका आली तर ती इथे पडताळणी करवून घेते आणि त्यात महिने जातात. दाखल्यावरचं आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, तेवढं आधीच बघा. लग्नाआधीचं आडनाव एकीकडे आणि नंतरचं दुसरीकडे, ही आपल्याकडची नेहमीची अडचण.

पायरी ३: पोचल्यावर

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत 'अनमेल्डुंग', म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. ते द्यायला जो मालक नकार देतो त्याची खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. दाराच्या टपालपेटीवर आपलं नाव चिकटवा. पोस्टमन तिथे फ्लॅट नंबर नाही, नाव बघतो. नाव नसेल तर कर क्रमांकापासून बँकेच्या कार्डापर्यंत सगळं परत जातं.

मग परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज करायचा, व्हिसाची मुदत संपायच्या आत. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट मिळायला फार वेळ लागतो, म्हणून अर्ज लवकर टाका आणि पोचपावती जपून ठेवा. मुदतीत अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत जुना हक्क चालू राहतो आणि तसा तात्पुरता दाखलाही मिळतो. दिवाळीचं तिकीट काढायच्या आधी त्या दाखल्यावर निवास कायद्याच्या कलम ८१ परिच्छेद ४ समोर खूण आहे का ते तपासा. परिच्छेद ३ समोर असेल तर देशाबाहेर पडल्यावर त्या दाखल्यावर परत प्रवेश मिळत नाही.