‘दणदणीत विजय’ लिहिण्याआधी: अमेरिकेचे अध्यक्षीय निकाल वाचताना या चुका टाळा

अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकांवर लिहिताना ‘दणदणीत’ हा शब्द फार पटकन वापरला जातो. (इंग्रजी ‘लँडस्लाइड’चं ‘भूस्खलन विजय’ असं शब्दशः भाषांतर तर करूच नका. दणदणीत, एकतर्फी, धुव्वा हे आपले शब्द पुरेसे आहेत.) तिथे हिशेब दोन असतात: लोकांनी टाकलेली मतं आणि राज्यवार निर्वाचकांची, म्हणजे अध्यक्ष निवडणाऱ्या राज्यांच्या प्रतिनिधींची मतं. मेन आणि नेब्रास्का सोडले, तर राज्यात पहिला येणारा तिथली सगळी निर्वाचक मतं घेऊन जातो. त्यामुळे लहान आघाडीही निकालात अवाढव्य दिसते.

फक्त निर्वाचक मतं पाहणे

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. १९१२ साली डेमोक्रॅट वुड्रो विल्सन यांना ५३१ पैकी ४३५, म्हणजे जवळपास ८२ टक्के निर्वाचक मतं मिळाली. लोकांची मतं मात्र ४१.८ टक्केच होती. रिपब्लिकन पक्ष फुटला होता: थिओडोर रूझवेल्ट यांनी वेगळी चूल मांडून २७.४ टक्के घेतली, विल्यम टाफ्ट यांच्याकडे २३.२ टक्के उरली. दोघांची बेरीज विल्सन यांच्यापेक्षा जास्त. मतविभागणी महाराष्ट्रातल्या वाचकाला शिकवावी लागत नाही, पण अमेरिकेचा तक्ता समोर आला की आपण ती विसरतो.

आता १९२० पाहा. वॉरन हार्डिंग यांना ५३१ पैकी ४०४, म्हणजे ७६ टक्के. विल्सनपेक्षा कमी. पण लोकांची मतं ६०.३ टक्के, आणि प्रतिस्पर्धी जेम्स कॉक्स ३४.१ टक्क्यांवर. २६ टक्क्यांचं अंतर! खरा एकतर्फी कौल हा. म्हणून विजेत्याची टक्केवारी, दुसऱ्याशी अंतर आणि तिसऱ्या उमेदवाराची मतं हे तिन्ही आकडे शेजारी मांडल्याशिवाय विशेषण लावू नका.

एकूण संख्या न तपासणे

रोनाल्ड रेगन यांची १९८४ ची ५२५ निर्वाचक मतं हा आकड्याने विक्रम आहे. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९३६ मध्ये ५२३ मिळाली. पण रूझवेल्ट यांची एकूण ५३१ पैकी होती, म्हणजे ९८.५ टक्के, रेगन यांची ५३८ पैकी, म्हणजे ९७.६ टक्के. १९३६ मध्ये अलास्का आणि हवाई राज्यं नव्हती, राजधानी वॉशिंग्टनला मत नव्हतं. ५३८ हा आकडा १९६४ पासूनचा. त्याआधीच्या निवडणुकांना तो लावू नका.

रेगन यांच्या हातून सुटलेलं एकमेव राज्य मिनेसोटा, प्रतिस्पर्धी वॉल्टर माँडेल यांचं स्वतःचं. माँडेल यांची तिथली आघाडी अवघी ३,७६१ मतांची. १,८८१ मतदार पलीकडे गेले असते, तर पन्नासच्या पन्नास राज्यं रेगन यांची झाली असती.

बेरीज जुळली नाही की आकडा दुरुस्त करणे

१९७२ मध्ये रिपब्लिकन रिचर्ड निक्सन यांनी ४९ राज्यं जिंकली. प्रतिस्पर्धी जॉर्ज मॅकगव्हर्न यांच्याकडे मॅसॅच्युसेट्स आणि राजधानी, मिळून १७. मग निक्सन यांची ५२१ हवीत, पण नोंद ५२० ची आहे. ही छपाईची चूक नव्हे. व्हर्जिनियाच्या एका रिपब्लिकन निर्वाचकाने लिबर्टेरियन या छोट्या पक्षाचे उमेदवार जॉन हॉस्पर्स यांना मत दिलं होतं.

१८२० चा जेम्स मन्रो यांचा २३१ विरुद्ध १ हा निकालही असाच. निर्वाचक २३५ होते, त्यातल्या तिघांचा मतदानाआधी मृत्यू झाला. विरोधातलं एक मत न्यू हॅम्पशायरच्या विल्यम प्लमर यांचं. एकमताचा मान फक्त जॉर्ज वॉशिंग्टन यांचाच राहावा म्हणून त्यांनी ते दिलं, ही दंतकथा पुढे ढकलू नका. निर्वाचक आपापल्या राज्यात मतं देतात; इतरांनी काय केलं हे त्यांना तेव्हा कळणं शक्य नव्हतं. प्लमर यांना मन्रो यांचा कारभारच पसंत नव्हता.

जुने टीव्ही नकाशे वापरताना रंगसूची आधी वाचा. १९८० च्या निकालाच्या रात्री एनबीसी वाहिनीने रेगन यांची राज्यं निळी दाखवली होती. रिपब्लिकन म्हणजे लाल हे समीकरण २००० नंतर पक्कं झालं.

आणि अध्यक्ष प्रचंड मतांनी आले म्हणजे काँग्रेसही (तिथली संसद) त्यांची, असं लिहू नका. १९७२ मध्ये दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडेच राहिली, सिनेटमध्ये तर त्यांच्या दोन जागा वाढल्या.